कांदाचाळ आणि अपरिग्रह



आजचं चिंतन एका शब्दावर. गीतेच्या सहाव्या अध्यायात, दहाव्या श्लोकात योगी कसा असावा ते सांगताना 'अपरिग्रह' येतो. अपरिग्रह म्हणजे साठा न करणारा. आणि इथे आपल्यातले कितीतरी जण 'फायर'च्या मागे: काटकसर करायची, पैसे गुंतवायचे आणि चाळिशीच्या आत नोकरीतून मोकळं व्हायचं. मीही त्यातलाच. मग हा अपरिग्रह म्हणायचा की त्याच्या अगदी उलट?

हिशोब साधा आहे. वर्षाच्या खर्चाच्या 25 पट रक्कम जमली की सुटलो. महिन्याला 30 हजार लागत असतील तर 90 लाख, 20 हजारांत भागत असेल तर 60 लाख. (ठोकताळा अमेरिकेतला आहे, आपल्या महागाईला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.) गंमत म्हणजे गरज कमी करणं आमच्या नामपूरला कुणाला शिकवावं लागत नाही. जुन्या लुगड्याची गोधडी होते, दुधाची पिशवी धुऊन वाळत घातली जाते. त्याला 'सस्टेनेबल' वगैरे कुणी म्हणत नाही, एवढंच.

राहिला साठा. आमच्याकडे उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. ज्याच्याकडे चाळ नाही, त्याला त्या दिवशी मार्केटला जो भाव फुटेल तो घ्यावा लागतो. चाळवाला थांबू शकतो. साठ्यामुळे 'नाही' म्हणता येतं, आणि ही ताकद मला वाईट वाटत नाही. ऑफिसात चुकीच्या गोष्टीला मान डोलवावी लागू नये म्हणून पैसे बाजूला टाकणारा माणूस लोभी कसा? पण चाळीतला कांदा कायमचा ठेवता येत नाही. पावसाळ्यात सडतो, पुढे कोंब फुटतात. तो बाहेर काढण्यासाठीच भरलेला असतो.

विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. धुळं आमच्यापासून फार लांब नाही. त्याच विनोबांनी 1950 मध्ये पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. बाहेरचे पैसे नकोत, बैलही नकोत, हाताने जमीन खणून पिकवायचं आणि तेवढ्यात जगायचं. आपण पैशाच्या जोरावर मुक्त व्हायला बघतो, ते पैशापासूनच मुक्त होऊ पाहत होते. पण मला थांबवतं ते पुढचं. 1951 च्या मार्चमध्ये ते तेलंगणाकडे पायी निघाले, एप्रिलमध्ये पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं चालण्यात गेली. मोकळा झालेला माणूस स्वतःकडे राहिलाच नाही. आपल्या फायरच्या गप्पांत तो दिवस उजाडल्यावर काय करणार, तर फिरणार, वाचणार, उशिरा उठणार. कुणासाठी, हा रकाना कुठल्याच शीटमध्ये मी पाहिलेला नाही.

हे आत्ता सुचायला कारण आहे. गावाकडे चुलतभावाला चाळ बांधायचीय. एक लाख वीस हजार कमी पडतायत, म्हणजे माझी तीन महिन्यांची बचत. मित्र म्हणाला, "असं एकेकाला देत बसलास तर कधीच सुटणार नाहीस." त्याचं अगदीच खोटं नाही. प्रत्येकाला देता येणार नाही, आणि मागणारा प्रत्येक जण खरा असतो असंही नाही. पण थांबता येण्याची जी ताकद मी स्वतःसाठी जमवतोय, नेमकी तीच भाऊ मागतोय.

पैसे शुक्रवारी पाठवतोय. परत कधी येतील ते कांद्याच्या भावावर आहे.