ज्याची त्याची पट्टी

सतरा हजारांहून अधिक बेटे आणि सातशेहून अधिक भाषा हा इंडोनेशियाचा हिशेब एकदा कानी पडला, की तेथील कलांच्या वैविध्याचे कारण आपणांस विनासायास सापडले असे वाटू लागते. बेटे वेगळी, मध्ये समुद्र, म्हणून नृत्ये वेगळी, वाद्ये वेगळी, वस्त्रे वेगळी. ही उपपत्ती इतकी सुलभ आहे, की ती तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. परंतु ज्या समुद्राला आपण भिंत समजतो तो त्या लोकांचा शतकानुशतके हमरस्ता होता. त्याच वाटेने गुजरातेतील पाटणची पटोळी मसाल्याच्या मोबदल्यात त्या बेटांवर उतरली, तेथील घराण्यांनी ती ठेवणीतील दौलत म्हणून जपली. आणि बालीतील तेंगानान गावी ताणा व बाणा दोन्ही विणण्यापूर्वीच बांधून रंगवून जे गेरिंगसिंग नावाचे वस्त्र सिद्ध करतात, त्याच्या काही नक्ष्यांत त्या पटोळ्यांची ओळख आजही पटते. उलट मध्य जाव्यात बेट एक, भाषा एक, बहुसंख्यांचा धर्म एक, सुराकार्ता आणि योग्याकार्ता या दोन राजधान्यांतील अंतर अवघे साठ-पासष्ट किलोमीटर. तरीही एकीची नर्तकी दुसरीच्या दरबारात उभी राहिली तर जाणकार तिला पहिल्या पावलातच परकी ठरवतील. अंतराने भेद उपजत असता, तर हे घडावयास नको होते. भेदाचे मूळ मला निराळ्याच ठिकाणी दिसते: सर्वांनी मान्य करावे असे एक प्रमाण असलेच पाहिजे, ही निकड त्या कलावंतांना पुष्कळ काळपर्यंत भासलीच नाही.

याची साक्ष प्रथम गामेलानकडून घ्यावी. गामेलान म्हणजे मुख्यत्वे काशाच्या वाद्यांचा मेळ: पट्ट्यांची सारोन व गेंदेर, आडव्या मांडलेल्या घंगाळांसारखी बोनांग, टांगलेल्या लहानमोठ्या घंटा, आणि या सर्वांचे आवर्तन पूर्ण करणारी, माणसाला कवेत घेता न येणारी थोरली गाँग, जोडीला मृदंगाच्या जातीचा केंदांग आणि गजाने वाजणारा रबाब. सप्तके दोन, पाच स्वरांचे स्लेंद्रो आणि सात स्वरांचे पेलोग. आमच्याकडे एका गायकाने काळी चार धरली आणि दुसऱ्याने पांढरी एक, तरी षड्जापासून पंचमाचे अंतर काही बदलत नाही. पट्टी ज्याची त्याची, पण स्वरांचे परस्परांतील नाते सर्वांचे सारखेच. जाव्यात हे नातेही संचागणिक बदलते. कारागीर कानस लावून एकेक पट्टी उतरवतो किंवा चढवतो, आणि अखेर जे जुळते ते त्या एका संचापुरतेच जुळते. शेजारच्या गावाच्या गामेलानातले एक सारोन उसने आणून येथे बसवावे म्हटले तर ते बसणार नाही. म्हणूनच की काय, थोर संचांना ‘क्याई’ या आदरार्थी उपपदासह स्वतःचे नाव असते, वाद्ये ओलांडून कोणी जात नाही आणि थोरल्या गाँगपुढे फुले व उदबत्ती ठेवतात. बालीकर तर याच्याही पुढे गेले. त्यांच्या मेळात एकेक वाद्य जोडीने घडवतात आणि जोडीतील एकाचे स्वर दुसऱ्याहून किंचित चढे ठेवतात. दोन्ही एकदम वाजली म्हणजे त्या सूक्ष्म विसंवादातून नादाला जी थरथर सुटते, तिच्यावाचून बालीच्या कानाला ते संगीत निर्जीव वाटते. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या आमच्या कारागिराने अशा जोडीला बेसूर म्हणून बाजूला ठेवले असते. १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी जाव्याचे वादन ऐकून भारावून गेला, ही कथा पाश्चात्य लेखक फार कौतुकाने सांगतात. मला देब्युसीपेक्षा त्या कानशीवाल्याचे कौतुक अधिक वाटते.

आता त्या दोन राजधान्यांकडे वळू. १७५५ साली गियांती येथे वलंदेज कंपनीच्या मध्यस्थीने जो तह झाला त्यान्वये मातारामचे राज्य दुभंगले, सुराकार्ता एका शाखेकडे राहिली आणि योग्याकार्ता दुसरीने वसवली. १७५७ मध्ये सुराकार्तातून मांकुनगरान, आणि १८१३ मध्ये, इंग्रजांच्या अल्पकालीन अंमलात, योग्याकार्तातून पाकुआलामान अशी आणखी दोन घराणी निघाली. पुढे १८२५ ते १८३० हे योग्याकार्ताचा राजपुत्र दीपोनगोरो याचे वलंदेजांविरुद्धचे युद्ध पेटून विझले, आणि बाहेरचे परगणे वलंदेजांनी खालसा केले. फौज उरली नाही, मुलूख उरला नाही. उरला तो दरबार, त्याचा मानमरातब आणि शेजारच्या दरबाराशी चाललेली अहमहमिका. ती लढण्यास तलवारीऐवजी बातिकचे मेण, नर्तकीची मान आणि कातडी बाहुलीचे नाक ही साधने हाती घेतली गेली. योग्याकार्ताच्या बातिकने शुभ्र भूमी धरली, तर सुराकार्ताच्या बातिकने सोगा या वनस्पतिजन्य रंगातील पिवळसर तपकिरी. काही नक्ष्या तर, तिरप्या लाटांची ‘पारांग रुसाक’ ही त्यांतलीच, राजघराण्याखेरीज इतरांस वापरण्याची मनाई झाली. योग्याकार्ताच्या दरबारी नाटकात स्त्रियांची कामेही पुरुष करीत. मांकुनगरानच्या लांगेंद्रियान या नृत्यनाट्यात नेमके उलट, पुरुषांची कामेही स्त्रिया करीत. राजांनी नाचगाण्यात रमावे हे वलंदेजांच्या पथ्यावरच पडणारे होते, यात संशय नाही. तथापि राज्य फुटले नसते तर जाव्यात एकच दरबार, एकच शैली आणि बहुधा एकच कंटाळा नांदला असता, असे म्हटल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

जाव्याच्या धर्मांतराच्या बाबतीतही एकाच प्रमाणाची निकड न मानण्याची हीच वृत्ती दिसते. १६३३ साली मातारामच्या सुलतान आगुंगने आपल्या राज्यात इस्लामी चांद्र कालगणना लागू केली. महिने हिजरी पद्धतीचे झाले, परंतु वर्षाचा आकडा मात्र त्याने बदलला नाही. तेव्हा शके १५५५ चालू होते. तेच पुढे चालू ठेवले. आपल्या पंचांगात शालिवाहन शक म्हणून जो आकडा छापलेला असतो त्याचाच हा सहोदर. मात्र चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने जाव्याचा शक आता आपल्यापुढे बारा वर्षे धावतो आहे. बाली मात्र जुन्याच गणनेवर राहिली. २०२३ साली २२ मार्च रोजी आपण गुढ्या उभारून शके १९४५ चे स्वागत केले, त्याच दिवशी बालीनेही शके १९४५ आरंभिले; फरक इतकाच, की तेथे न्येपी म्हणून त्या दिवशी चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, रस्त्यावर माणूस फिरकत नाही, विमानतळसुद्धा बंद राहतो.

वायांग कुलित या छायानाट्यालाही हा न्याय लागू आहे. रात्री नऊच्या सुमारास पांढरा पडदा ताणला जातो, त्याच्या तळाशी केळीचे खांब आडवे ठेवून त्यांत म्हशीच्या कातड्याच्या, जाळीसारख्या कोरलेल्या बाहुल्या खोचतात, आणि दालांग नावाचा सूत्रधार मांडी ठोकून जो बसतो तो पहाटेपर्यंत उठत नाही. सर्व पात्रांचे आवाज त्याचे एकट्याचे. हातांत बाहुल्या आणि उजव्या पायाच्या बोटांत धरलेल्या ठोकळ्याने पेटीला टांगलेल्या पत्र्यांवर युद्धाचा खणखणाट. वादकांना इशाराही तोच देणार. कथा बहुतेक वेळा महाभारताची, पण आपल्या ओळखीच्या माणसाला वारंवार दचकवणारी. येथील द्रौपदी पाचांची नसून एकट्या युधिष्ठिराची पत्नी. शिखंडी ही धनुर्धारी स्त्री, अर्जुनाची बायको. मध्यरात्र उलटली म्हणजे व्यासांना ठाऊक नसलेला एक ढेरपोट्या, सदा डोळे पाणावलेला म्हातारा सेवक पडद्यावर येतो. हा सेमार. पांडवांची हुजरेगिरी करणारा हा विदूषक वस्तुतः बातारा गुरू म्हणजे शिव याचा भाऊ आहे, त्यामुळे देवांनाही तो खडसावू शकतो. त्याच्या सोबतीस जाव्यात गारेंग, पेत्रुक, बागोंग. सुंदा प्रांतात चेपोत. बालीत सेमारच्या जागी त्वालेन. बालीत वीरपुरुष ‘कवी’ नावाच्या जुन्या भाषेत बोलतात आणि प्रेक्षकांना ती उमगत नसल्याने हेच विदूषक चालू बोलीत तिचा खुलासा करतात. सबब राजाच्या मनात काय आहे हे प्रजेला नोकराच्या तोंडूनच कळते. मुसलमान झालेल्या जाव्याने पांडव का सोडले नाहीत, असा प्रश्न आपल्याकडे मोठ्या आविर्भावाने विचारला जातो. पैगंबरजयंतीच्या सुमारास सेकातेनच्या उत्सवात राजवाड्याचे गामेलान मशिदीच्या आवारात नेऊन आठवडाभर वाजवतात, ज्यांच्या कानी ते पडते त्यांना हा प्रश्न मुळातच पडत नसावा.

जाव्या-बालीवरच लिहीत बसल्यास इतरांवर अन्याय होतो, आणि या लेखातही तो होणार आहे. सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाज निष्ठावंत मुसलमान असून घर व शेत मातेकडून कन्येकडे जाते, आणि त्यांचे रांदाई हे नाट्य कुस्तीच्या डावपेचांतून निघून वर्तुळात उभ्याने चालते. सुलावेसीत तोराजा लोक मृताच्या लाकडी प्रतिमा कड्यातील सज्जांत उभ्या करतात, तर तेथल्याच बुगी लोकांचे ‘ला गालिगो’ हे काव्य विस्तारात महाभारतालाही मागे टाकते.

स्वतंत्र इंडोनेशियाने राष्ट्रभाषा निवडताना सर्वांत मोठ्या भाषिक गटाची जावी बाजूला ठेवून बंदरांची मलय भाषा उचलली, हा शहाणपणा असामान्य होय. कलांच्या बाबतीत मात्र सरकारी दफ्तराला यादीचा मोह आवरला नाही. १९७५ साली जकार्तात ‘तामान मिनी’ हे उद्यान उघडले. त्यात प्रांतागणिक एक नमुन्याचे घर, आणि ओघानेच प्रांतागणिक एक पोशाख व एक नाच. दोन गावांचे संच परस्परांशी जुळत नाहीत ही गोष्ट अशा यादीत मावणारी नव्हे. याहून खोल परिणाम मात्र निर्हेतुक घडला. १९५० मध्ये सुराकार्तात सरकारी संगीतशाळा निघाली, १९५६ मध्ये तेथेच लोकानांता ही ध्वनिमुद्रणसंस्था उभी राहिली, आणि कॅसेटांचा जमाना आल्यावर सुराकार्ताचे वादन खेडोपाडी पोहोचून बान्युमास किंवा पूर्व जाव्यातील पोरांना आपल्या आजोबांचा ठेका गावंढळ वाटू लागला. युनेस्कोने वायांग, बातिक आणि २०२१ मध्ये गामेलान यांस अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान बहाल केला, तो योग्यच झाला. पण मान मिळतो तो नावाला, आणि येथे मोलाची गोष्ट त्या एका नावाखाली नांदणारी तफावत आहे.

तरीही शोकगीत गाण्याची घाई नको. १९०६ आणि १९०८ साली दक्षिण बालीतील राजघराणी वलंदेजांच्या बंदुकांपुढे स्वतःहून चालत जाऊन नष्ट झाली, दरबार ओस पडले. याच सुमारास उत्तर बालीत गोंग केब्यार नावाचे विजेसारखे चपळ, एकदम भडकून उठणारे नवे वादन जन्मास आले, आणि गावोगावच्या वादकमंडळींनी दरबारी ठेवणीतील मंद, गंभीर संच वितळवून त्याच काशातून नव्या पट्ट्या ओतल्या. जुन्याच्या अभिमान्यांनी त्या वेळी कपाळाला हात लावला असेल, आणि ते चुकले असेही म्हणवत नाही; कित्येक सप्तके त्या भट्टीत कायमची गेली. परंतु १९८० नंतरच्या दशकात बालीतील इ वायान बेराता या रचनाकाराने सात स्वरांचा ‘सेमारादाना’ संच घडवला, त्यावर दरबारी रचना आणि केब्यार दोन्ही वाजू लागल्या, आणि गावोगावच्या मंडळ्यांनी तसे संच करून घेतले. प्रत्येक संचाची जुळणी अर्थातच निराळी.