भाडें आणि ऋण

उल्हासनगर-अंबरनाथच्या दाट वस्तींतील मित्रमंडळी वर्गणी काढून बदलापूरपलीकडे दोन दिवसांकरितां प्रशस्त शेतघर भाड्यानें घेतात. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु भाडें दिलें म्हणजे पाहुण्याचें कर्तव्य संपतें काय? भाडें घरमालकाला पोंचतें. मध्यरात्रीच्या कर्ण्यानें झोप मोडते ती शेजारच्या पाड्यावरील कष्टकऱ्याची. रात्रीं १० ते सकाळीं ६ कर्णा न वाजविण्याचा २००० सालचा नियम आहेच. पण नियमाहूनही जुनें असें एक ऋण आहे. ज्या बारवी धरणाचें पाणी उल्हासनगरला व आसपासच्या शहरांना मिळतें, त्याच्या जलाशयाखालीं याच खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. ज्यांच्या त्यागाचें पाणी आपण बारा महिने पितों, त्यांच्या गांवीं दोन दिवसांच्या भाड्यावर धनी होऊं नये, पाहुणाच राहावें.