कोणत्याही शाखेचा पदवीधर

अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा शेजारच्या एमआयडीसीत टेक्निकल रायटर हवा असला, की जाहिरातीतल्या पात्रतेच्या रकान्यात अनेकदा दोनच शब्द असतात: ‘एनी ग्रॅज्युएट’. इतिहासाचा चालेल, वनस्पतिशास्त्राची चालेल, बी.कॉम.ही चालेल. म्हणजे कॉलेजात उमेदवार काय शिकला, याच्याशी कंपनीला देणेघेणे नाही. अर्जांच्या ढिगाला कात्री लावायची सोय, यापलीकडे अशा अटीला फारसा अर्थ उरत नाही.

तरीही पदवीच्या कैवाऱ्यांकडे एक हुकमी पान असते: करिअर सर्वेक्षण. या व्यवसायातल्यांना शिक्षण विचारा, बहुतेक सगळे पदवीधर निघतात. निघणारच! दारावर पदवी तपासून ज्यांना आत घेतले, त्यांनाच विचारल्यावर दुसरे उत्तर येणार कुठून? त्यावरून दारावरचा नियम कळतो. कामाला काय लागते ते कळत नाही.

पाहणीतली अशी गोम एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने फार पूर्वी पकडली होती. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीककापणीच्या पाहण्या तपासल्या. शेतात अगदी लहान तुकडा आखून तेवढेच पीक कापले, की उत्पन्न प्रत्यक्षाहून जास्त दिसे. कडेचे रोप आत धरायचे की बाहेर, हे मोजणाऱ्याच्या हाती असे, आणि तो हात नकळत रोप आत ओढी. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा.

टेक्निकल रायटिंग हा असाच लहान तुकडा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८च्या व्यवसाय-वर्गीकरणात हा लेखक २६४१ क्रमांकाच्या गटात, कादंबरीकार आणि नाटककारांच्या पंगतीला बसतो. पण मरोळच्या कारखान्यात मशीनची एसओपी लिहिणारा सुपरवायझर किंवा आयटीआय करून दुरुस्तीच्या सूचना लिहिणारा मुलुंडचा फिटर यांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘रायटर’ नसते. शेतात कडेची रोपे आत ओढली गेली. इथे ती बाहेरच राहतात, आणि बिनपदवीचे लिहिणारे असले तर तिथेच असणार.

प्रत्यक्ष काम काय असते? ‘वॉल्व्ह उघडा, त्याआधी प्रेशर शून्यावर आल्याची खात्री करा’ हे वाक्य व्याकरणात निर्दोष आहे. मात्र मशीनपाशी उभा असलेला माणूस पहिला अर्धा भाग वाचून वॉल्व्ह उघडून मोकळा होतो. ‘प्रेशर शून्यावर आले का ते पाहा. मग वॉल्व्ह उघडा’ असा क्रम हवा. विमानांच्या देखभालीसाठी रूढ झालेल्या सुगम इंग्रजीच्या मानकात कृती सांगणाऱ्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. ही शिस्त शिकता येते, पण बी.ए.च्या कोणत्या पेपरात ती शिकवतात?

म्हणून पदवी फुकाची, असे मात्र नाही. औषधचाचण्यांचे अहवाल लिहायला विषय यावाच लागतो. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. शिवाय ‘डिग्रीत काय आहे’ असे म्हणणाऱ्याच्या घरी ती बहुधा फ्रेममध्ये लटकत असते. घाटकोपरच्या चाळीतून कॉलेजात गेलेल्या पहिल्या मुलीला तो आव परवडत नाही. अमेरिकेत अनेक कंपन्यांनी पदवीची अट काढल्याचे गाजावाजा करून सांगितले. बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२४च्या अहवालाने हिशेब मांडला, तेव्हा या बदलाचा लाभ वर्षभरातल्या ७०० नेमणुकांपैकी एकीलाही धड पोहोचला नव्हता.

तेव्हा नुसती अट खोडूनही भागत नाही. उमेदवारापुढे एखादा पंप ठेवावा, तासाभरात सूचना लिहून घ्याव्यात आणि तो पंप कधी न पाहिलेल्या माणसाकडून त्या वाचून चालवून घ्यावा. सर्वेक्षण करणाऱ्यांनी नोकरीत असलेल्यांबरोबर नाकारलेल्यांनाही गाठावे. त्यांचे अर्ज कंपन्यांच्या एचआर विभागाकडे असतातच. कोणत्या शिक्षणाच्या किती जणांना कुठल्या टप्प्यावर गाळले, एवढे आकडे नावे वगळून जाहीर करण्यात कंपनीचे काही जात नाही.