संशयाची उतरंड

१९८४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या द डॅलेस गावात घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आजाऱ्यांचा आकडा ७५१ वर गेला. बहुतेकांनी गावातल्या दहा हॉटेलांपैकी कुठेतरी खाल्लं होतं. साल्मोनेला जिवाणू सापडला आणि आरोग्य खात्याने ठपका ठेवला तो हॉटेलातल्या कामगारांवर. म्हणे, यांनीच हात धुतले नसतील! त्या कामगारांतलेही कितीतरी जण आजारी होते, हे विशेष. सत्य कळायला वर्ष गेलं. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून तिकडे गेलेल्या रजनीश पंथातल्या काहींनी सॅलडमध्ये मुद्दाम जिवाणू मिसळले होते. मतदार अंथरुणाला खिळले की जिल्ह्याची निवडणूक खिशात, असा हिशेब. पंथाच्या प्रयोगशाळेत तोच जिवाणू मिळाला.

साल्मोनेलाने होणारा त्रास एरवीच्या पोट बिघडण्यासारखाच दिसतो. कुणी मुद्दाम घडवलेली साथसुद्धा रोजच्या आजाराच्या वेषातच दारात येते. मग तिला प्रथम कोण भेटणार? कमांडो नव्हे, दवाखान्यातली परिचारिका, लॅबमधला तंत्रज्ञ, हॉटेलातला पोऱ्या. नेमक्या याच माणसांवर आपण आधी संशय घेतो.

२००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली. अँथ्रॅक्स म्हणजे आपल्या गुराख्यांच्या माहितीतली फाशी किंवा काळपुळी. हा जिवाणू टणक कवचाचं बीजाणूरूप घेऊन मातीत वर्षानुवर्षं निपचित पडू शकतो. माणसाकडून माणसाला त्याची लागण सहसा होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकून काही साधत नाही. बीजाणू श्वासातून आत गेल्यावर आजार दिसायला बहुधा काही दिवस लागतात. तेवढ्यात प्रतिजैविक पोटात गेलं तर माणूस वाचतो, उशीर झाला की विष अंगात भिनतं. फ्लोरिडातल्या पहिल्या रुग्णाच्या मणक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर काठ्यांसारखे जिवाणू दिसले आणि डॉक्टरांना शंका आली. सूक्ष्मदर्शक, रंगद्रव्य आणि जाणती नजर, एवढ्यावर ते निदान सुरू झालं.

पुढचं मात्र चीड आणणारं आहे. १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरच्या कचेरीत असं पाकीट उघडलं गेलं. तिथल्या कर्मचाऱ्यांची तपासणी आणि औषधं तातडीने सुरू झाली. ते पाकीट ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून आलं, ते २१ तारखेपर्यंत चालूच होतं. बंद पाकिटातून धोका नाही, असा समज होता. पण बीजाणू इतके बारीक, की कागदाच्या छिद्रांतून निसटतात, आणि पत्रं वर्गवारी करणारी यंत्रं तर पाकीट दाबतच पुढे ढकलतात. तिथले दोन कामगार दगावले. त्या हल्ल्यांत एकूण मृत्यू पाच. जिवाणू साहेब-शिपाई असा भेद करत नव्हता, तो औषधाच्या वाटपात झाला.

सरकारं तर याहून पुढे जातात. १९७९ मध्ये सोव्हिएत रशियात स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्स निसटला आणि निदान ६६ माणसं मेली. सरकार मात्र खराब मांसाकडे बोट दाखवत राहिलं.

आपणही फार वेगळे नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरांत घुसले, तेव्हा लोकांनी रुग्ण दडवले. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो आणि लक्षणं दिसल्यापासून दिवसभरात औषध मिळालं नाही तर बहुधा जीव घेतो. औषध आज आहे, पण दडवलेल्या रुग्णापर्यंत ते पोचणार कसं? आणि दडवायला लावते ती अपमानाची भीती.

म्हणून जैविक हल्ल्यापासून बचावाच्या योजना आखणाऱ्यांना माझं सांगणं आहे. मेंढपाळाने अचानक मेलेल्या, नाकातून न गोठणारं रक्त आलेल्या मेंढीची खबर दिली, तर ती त्याच दिवशी पशुवैद्यकापर्यंत पोचली पाहिजे. ते मढं कापायचं नसतं, हवा लागली की बीजाणू तयार होतात. खबर देणाऱ्याला कचेरीत हेलपाटे घालायला लावू नका आणि मेलेल्या जनावराची भरपाई द्या. लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली, तर आचाऱ्याला चौकीत नेण्याआधी उरलेलं अन्न आणि रुग्णांची विष्ठा तपासायला पाठवा, आणि त्या आचाऱ्याचीही तपासणी करा, रुग्ण म्हणून.