कोयता खाली पडल्यावर

21 नोव्हेंबर 2012 रोजी सकाळी साडेसात वाजता अजमल कसाबला पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी झाली. विश्रांतवाडीच्या चौकातून तो तुरुंग हाकेच्या अंतरावर. इथल्या लोकांना बातमी कळली ती टीव्हीवरून, आणि तोवर सगळे उरकले होते. त्याआधीची चार वर्षे मात्र रिक्षा स्टँडपासून सलूनपर्यंत एकच तक्रार ऐकू यायची: याला कशाला पोसायचे, तिथेच गोळी का नाही घातली?

‘तिथेच’ म्हणजे गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री तिथे काही मिनिटांत दोन गोष्टी घडल्या. गाडी चालवणारा कसाबचा साथीदार इस्माईल पोलिसांच्या गोळीने मेला. कसाबच्या रायफलीची नळी सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि सहकाऱ्यांनी काठ्यांनी झोडपून कसाबला जेरबंद केले. इस्माईलला मारणे कायद्याच्या चौकटीत बसते, याबद्दल कोणाही वकिलाला शंका नसावी. त्याच नाकाबंदीवर, काठ्यांनी लोळवलेल्या निःशस्त्र कसाबला कोणी गोळी घातली असती तर देशातल्या बहुतेकांनी त्याचे हार घालून स्वागत केले असते आणि कायद्याने तो खून ठरला असता. दोघांचा गुन्हा एक, गाडी एक, रात्र एक. फरक पडला तो एवढ्यानेच, की एकाकडून त्या क्षणी धोका होता आणि दुसऱ्याकडून तो संपला होता.

पोलिसाच्या हातून माणूस मेला की आपण पहिल्यांदा विचारतो, मेला तो कोण होता? ‘सराईत होता’ एवढे उत्तर मिळाले की चर्चा संपते. कायदा मात्र विचारतो, गोळी सुटली त्या क्षणी काय चालले होते? मेलेल्याचा इतिहास या प्रश्नात जवळजवळ कुठेच येत नाही. पोलिसी गोळीबाराबद्दलचे आपले बहुतेक वाद या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होतात, असे मला वाटते.

आपल्याकडे पोलिसाला माणूस मारण्याचा असा खास परवाना कुठल्याही कलमाने दिलेला नाही. त्याच्याकडे आहे तो तुमच्या-माझ्याकडे असलेलाच स्वसंरक्षणाचा हक्क. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो 34 ते 44 या कलमांत आहे. जुन्या दंड संहितेत तो 96 ते 106 मध्ये होता, मजकूर बहुतांशी तोच. कलम 38 सांगते की हल्ल्यामुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटत असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला यांचाही त्यात समावेश आहे. कलम 37 त्याला लगाम घालते: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नको. आणि कलम 40 त्याची मुदत ठरवते. भीती असेतोवर हक्क, भीती सरली की हक्कही सरला.

पुण्यात हे समजावायला फार लांब जायला नको. गेल्या काही वर्षांत ‘कोयता गँग’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत इतका रुळला आहे की मुलेसुद्धा तो सहज वापरतात. समजा, धानोरी रस्त्यावर रात्री गस्तीवरच्या हवालदारावर एक पोरगा कोयता उगारून धावला. अंतर चार पावलांचे. हवालदाराने गोळी झाडली, पोरगा गेला. हे बहुधा कायदेशीर ठरेल. त्याने आधी पायावर का मारली नाही, हा प्रश्न घरी सोफ्यावर बसून विचारायला सोपा आहे. धावत्या माणसाच्या पायावर अंधारात नेम धरणे ज्याने कधी केले नाही त्यानेच तो विचारावा. न्यायालयेसुद्धा म्हणत आली आहेत की जिवावर बेतलेल्या माणसाची कृती सोनाराच्या तराजूत तोलू नये. आता दुसरा प्रसंग घ्या. पिस्तूल पाहून पोरग्याने कोयता टाकला आणि तो टिंगरेनगरच्या गल्लीत पळाला. हवालदाराने मागून गोळी घातली. पोरगा तोच, कोयता तोच, त्याच्या नावावरचे गुन्हेही तेच. पण या गोळीला स्वसंरक्षणाचा आधार उरलेला नाही.

‘मग पळून जाऊ द्यायचे का?’ हा प्रश्न रास्त आहे आणि कायद्याचे उत्तर इथे थोडे धूसर आहे. अटकेसंबंधीचे कलम, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे 43, अटकेला विरोध झाला तर आवश्यक ती सर्व साधने वापरायला परवानगी देते आणि लगेच म्हणते की ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याला मारण्याचा हक्क यातून मिळत नाही. म्हणजे ज्याच्यावर तसा आरोप आहे त्याला मिळतो का? कलम गप्प आहे. ही गप्प जागा इंग्रजी कायद्याचा जुना वारसा आहे. तिथे एके काळी बहुतेक गंभीर गुन्ह्यांना फाशीच होती, तेव्हा पळणाऱ्याला आधी मारले काय नि नंतर लटकवले काय, असा हिशेब होता. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हाच नियम चालत राहिला. 1974 साली मेम्फिस शहरात घरफोडी करून कुंपणावर चढणाऱ्या पंधरा वर्षांच्या एडवर्ड गार्नरला पोलिसाने मागून डोक्यात गोळी घातली. मुलगा निःशस्त्र असावा असे त्याला स्वतःलाच वाटत होते. 1985 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पळणाऱ्याकडून कोणाच्या जिवाला गंभीर धोका नसेल तर केवळ पकडण्यासाठी जीव घेता येणार नाही. आपल्या संसदेने 2023 मध्ये फौजदारी कायदे नव्याने लिहिले, कलमांचे आकडे बदलले, बेड्यांबद्दल नवे उपकलम घातले. ही धूसर ओळ मात्र जशीच्या तशी ठेवली. तेव्हा ती स्वच्छ करण्याची संधी होती.

पण खरे सांगायचे तर महाराष्ट्रातली अडचण कलमाच्या धूसरपणाची कधीच नव्हती. अडचण होती ती हकीकत कोण लिहितो याची. मुंबईत 1995 ते 1997 या काळात झालेल्या सुमारे 99 चकमकी आणि त्यांतले सुमारे 135 मृत्यू यांच्या खरेपणाला पीयूसीएल या संघटनेने आव्हान दिले. चकमकींच्या हकिकती वाचल्या तर एकाच साच्यातल्या वाटतात: खबर मिळाली, सापळा लावला, शरण येण्याचा इशारा दिला, त्याने गोळी झाडली, प्रत्युत्तरात तो जखमी झाला, रुग्णालयात नेल्यावर मृत घोषित. आणि गुन्हा नोंदवला जायचा तो मेलेल्यावर, पोलिसांच्या खुनाच्या प्रयत्नाचा. आरोपी मेलेला असल्यामुळे तो खटला चालणारच नसतो. म्हणजे पोलिसांची हकीकत कधी उलटतपासणीला सामोरी जात नाही. ती आपोआप सत्य ठरते.

खरे तर कायद्याची रचना नेमकी उलटी आहे. ‘मी मारले, पण स्वतःला वाचवण्यासाठी’ असे जो म्हणतो त्याने ती परिस्थिती दाखवून द्यायची असते. साध्या नागरिकाने असे म्हटले तर त्याच्यावर आधी गुन्हा दाखल होतो, मग त्याचा बचाव तपासला जातो. पोलिसाच्या बाबतीत बचावच आधी मान्य करून फाइल बंद व्हायची.

ती रीत मोडण्यासाठी कधी कधी एक साधा कागद पुरतो. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभय्या हा 11 नोव्हेंबर 2006 च्या संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ चकमकीत मेला, असे पोलिसांनी सांगितले. त्याला दुपारीच वाशीतून उचलून नेले होते, आणि वकील असलेल्या त्याच्या भावाने संध्याकाळच्या त्या ‘चकमकी’च्या आधीच पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स धाडले होते. तारेवर वेळ पडायची. ती वेळ स्टेशन डायरीतल्या हकिकतीशी जुळेना. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांसह 21 जणांना दोषी ठरवले आणि पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांना सोडले. 19 मार्च 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलेले आहे. लखनभय्या संत नव्हता, त्याच्यावर गुन्हे होते, आणि निकालात या गोष्टीला तसूभर वजन मिळाले नाही. याच प्रकरणात जामिनाच्या टप्प्यावर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बनावट चकमकीला थंड डोक्याने केलेला खून म्हटले होते आणि अशा पोलिसांना फाशीही होऊ शकते असे बजावले होते. मला स्वतःला त्या फाशीच्या भाषेतला आवेश पटत नाही. गोळीची घाई वाईट आणि दोराची घाई बरी, असे कसे म्हणायचे?

पीयूसीएलच्या खटल्याचा निकाल 23 सप्टेंबर 2014 ला लागला. सरन्यायाधीश लोढा आणि न्या. नरिमन यांनी सोळा निर्देश दिले. खबर मिळाल्याची लेखी नोंद हवी, मृत्यू झाला की गुन्हा नोंदवून न्यायालयाला कळवायचे, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, शस्त्रे तपासणीसाठी जमा करायची. आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही. हा निर्देश लिहावा लागला, यावरून त्याआधी काय चालायचे ते समजते.

त्याला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला, 23 सप्टेंबर 2024 रोजी, बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराचा आरोपी अक्षय शिंदे मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत मारला गेला. तळोजा तुरुंगातून त्याला ठाण्याला आणत होते. पोलिसांचे म्हणणे, त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक त्या अधिकाऱ्याच्या मांडीत लागली, म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली. ती डोक्यात लागली. मुंबईत तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हाती बंदूक दाखवणारे ‘बदला पुरा’चे फलक लागले. दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराने पेटलेला राग मी समजू शकतो. 20 ऑगस्टला बदलापूर स्थानकात तासन्‌तास गाड्या रोखणाऱ्या पालकांत मीही उभा राहिलो असतो. पण कायद्याचा प्रश्न गाडीतल्या त्या क्षणाचा आहे. गाडीत इतके पोलीस असताना एका माणसाला आवरता का आले नाही, पिस्तुलाचे कुलूप त्याने कसे काढले, असे उच्च न्यायालयाने पहिल्याच सुनावणीत विचारले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला: पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नाहीत, बळाचा वापर समर्थनीय नाही, पाच पोलीस जबाबदार. तरीही गुन्हा नोंदवायला राज्य सरकार तयार होईना, आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाला विशेष पथकाचा आदेश द्यावा लागला. पोलिसांचा बचाव खराही निघू शकतो. तो तपासला जाण्यासाठीच गुन्हा नोंदवायचा असतो, एवढी साधी गोष्ट पटवायला सहा महिने गेले. आणि यात त्या मुलींचे काय झाले? त्यांच्यावर अत्याचार कोणी केला हे न्यायालयात शाबीत होणे, हा त्यांचा हक्क त्या गोळीबरोबरच गेला.

हैदराबादच्या 2019 च्या चकमकीची चौकशी आपल्याच न्या. विकास सिरपूरकरांनी केली. बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी, पहाटेची वेळ, पोलिसांवर फुलांचा वर्षाव. आयोगाचा निष्कर्ष असा की गोळ्या जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूने झाडल्या, आणि त्या चौघांतले तिघे अल्पवयीन होते. फुले टाकणाऱ्यांना हे माहीत नव्हते. माहीत करून घेण्याची सोय म्हणजेच खटला.

जमावावरचा गोळीबार हे वेगळे प्रकरण आहे, इथे थोडक्यात सांगतो. तिथे हक्काबरोबर हुकूमही लागतो: कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणे अंमलदार, तो नसेल तर किमान उपनिरीक्षक. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, हा बचाव गुंडेवार आयोगाने मानला नाही. 2009 मध्ये उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली, पुढे अपिलात ती स्थगित झाली. आपल्या जिल्ह्यात 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेच्या जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊरला जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तिघे गेले. पिंपरी-चिंचवडच्या नळाला पाणी येते तेव्हा ते कितीजणांना आठवते, कोण जाणे.

जून 2025 मध्ये पुण्याच्या गुन्हे शाखेच्या पथकाने मोहोळ तालुक्यात मोक्कातल्या एका फरार आरोपीला गोळी घातली. त्याने आधी गोळीबार केला, असे पोलिसांनी सांगितले. ते खरे असेल, तर पथकाला घाबरण्याचे कारण नाही. 2012 च्या ओमप्रकाश खटल्यात झारखंडमधल्या चकमकीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सुनावले की आरोपी गुन्हेगार आहे म्हणून त्याला मारणे हे तुमचे काम नाही, आणि त्याच निकालात त्या पोलिसांविरुद्धचा खटला रद्द केला. कारण नोंदी पाहता हल्ला खरा होता आणि त्यांनी केले ते कर्तव्याचा भाग होते. त्यांना वाचवले ते खबरीच्या नोंदीने, जखमांच्या पंचनाम्याने आणि शस्त्रांच्या अहवालाने. अशी बातमी विश्रांतवाडीच्या चौकात वाचताना मी आता मेलेल्याच्या नावावर किती गुन्हे होते ते पाहत नाही. खबर कधी नोंदवली, गुन्हा कोणावर दाखल झाला, तपास कोणाकडे आहे आणि गोळी किती अंतरावरून लागली, हे शोधतो. बातमीत ते बहुतेक वेळा नसते.