स्वभावाचा शिक्का आणि सहकाऱ्यांचा संवाद

चार माणसे एका कामासाठी एकत्र आली की त्या कामाइतकाच त्यांच्या स्वभावांचाही प्रश्न उभा राहतो, हे संस्थानांच्या कारभारापासून घरच्या लग्नकार्यापर्यंत सर्वत्र अनुभवास येते. एकास निर्णय तत्काळ व्हावा असे वाटते, तर दुसरा प्रत्येक बाबीची छाननी झाल्यावाचून कागदावर सही करीत नाही. आणि दोघेही प्रामाणिक असूनही परस्परांविषयी त्यांच्या मनात अढी बसते. अशा भेदांना काही शास्त्रीय परिभाषा लाभली तर सहकार्य सुकर होईल, या अपेक्षेने आजच्या उद्योगसंस्थांनी व्यक्तिमत्त्व-चाचण्यांचा आश्रय घेतला आहे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतही प्रशिक्षणवर्गात प्रश्नावली भरून घेतली जाते आणि प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचा चार अक्षरांत किंवा एखाद्या रंगात सांगितलेला निष्कर्ष पडतो. हा उपक्रम सर्वस्वी त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचे हित कोठे संपते आणि अहित कोठे सुरू होते, याचा निवाडा करण्याची वेळ आली आहे.

या प्रश्नावल्यांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेल्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीचे मूळ मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या मनोप्रकारांवरील ग्रंथात आहे. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स या दोघी अमेरिकन स्त्रियांनी, मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नसताना, युंग यांच्या विचाराला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावलीचे रूप देण्यास आरंभ केला आणि त्यातून सोळा प्रकारांची मांडणी सिद्ध झाली. माणसाला आपल्या प्रकृतीस मानवेल असे काम मिळावे व भिन्न प्रकृतीच्या माणसांनी एकमेकांस समजून घ्यावे, हा त्यांचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. तथापि हेतूच्या शुद्धतेने साधनाची अचूकता सिद्ध होत नाही. बहुसंख्य माणसांचे गुणांक अंतर्मुखता आणि बहिर्मुखता या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात पडतात. तेथे रेघ ओढून दोन जाती पाडल्या म्हणजे रेघेच्या अलीकडे-पलीकडे उभे असलेले दोन जवळजवळ समान स्वभाव परस्परविरोधी ठरतात, आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली असता अनेकांचा प्रकार बदललेला दिसतो.

मग हे निष्कर्ष वाचणाऱ्यास इतके का पटतात? १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकास त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. सर्वांना दिलेले वर्णन अक्षरशः एकच होते, त्यातील बरीच वाक्ये फलज्योतिषाच्या बाजारी पुस्तकातून घेतलेली होती, आणि तरीही त्याच्या यथार्थतेस विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन पटणे हा त्याच्या सत्यतेचा पुरावा नव्हे, हा धडा प्रत्येक व्यवस्थापकाने ध्यानात ठेवावा. संशोधकांमध्ये अधिक मान्यता पावलेली पंचघटक पद्धती माणसांना प्रकारांत कोंबत नाही, गुणांचे प्रमाण मोजते. आणि बॅरिक व माउंट या संशोधकांनी १९९१ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा निरनिराळ्या व्यवसायांत कार्यक्षमतेशी सातत्याने निगडित असा गुण म्हणून कर्तव्यदक्षता पुढे आली. पण तो संबंधही माफकच आहे. कोणा एका माणसाचे भवितव्य ठरविण्याइतका तो बळकट नाही.

असे असूनही या प्रशिक्षणवर्गांनंतर काही कचेऱ्यांतील वातावरण खरोखर निवळते, आणि त्याचे कारण माझ्या मते गुणांकात नसून संभाषणात आहे. एरवी वर्षानुवर्षे शेजारी बसूनही जे बोलले जात नाही, ते त्या कागदाच्या निमित्ताने बोलले जाते. ‘मी लगेच उत्तर दिले नाही म्हणजे माझा विरोध आहे, असे धरू नका,’ असे एकजण सांगतो. ‘माझ्या मसुद्यातील चूक चारचौघांत न दाखवता आधी मला लिहून कळवा,’ असे दुसरी विनविते. अशा दोन वाक्यांनी जुना बखेडा मिटू शकतो, कारण येथे माणूस स्वतःविषयी स्वतः बोलत असतो आणि उद्या आपले म्हणणे बदलण्याची मुभा त्याने राखून ठेवलेली असते.

ही मुभा हिरावली गेली की काय घडते, याचे एक उदाहरण घेऊ. परभणीकडून पुण्यास आलेली एक तरुण अभियंता सोमवारच्या बैठकीत सहसा बोलत नाही. प्रश्नावलीनेही तिला अंतर्मुख ठरविले, सबब ग्राहकांशी बोलण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपविली जाते. वस्तुतः बैठकीचे विषय तिला आधी कळविले जात नाहीत, चर्चा भरधाव इंग्रजीत चालते, आणि मागे तिने दाखविलेली त्रुटी वरिष्ठांनी सर्वांसमक्ष उडवून लावलेली असते. तीच मुलगी जेवणाच्या सुटीत, डबा अर्धा तसाच ठेवून, कागदावर चौकोन काढीत तीच त्रुटी शेजारच्या दोघांस टप्प्याटप्प्याने उलगडून सांगते. वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंचे फलित होय, असे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६ सालीच मांडले होते. स्वभावाचा शिक्का मारून आपण त्यातील परिस्थितीचा भाग दृष्टीआड करतो, आणि जो दोष बैठकीच्या रीतीचा तो त्या मुलीच्या खात्यावर मांडतो.

आपल्या समाजाने तर याबाबत विशेष सावध राहावयास हवे. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक, राजस व तामस असे कर्त्याचे तीन प्रकार वर्णिले असले तरी चौदाव्या अध्यायात हेच गुण एकमेकांवर मात करून प्रबळ होतात असेही म्हटले आहे. म्हणजे एकाच माणसातील त्यांची चलबिचल तेथे गृहीत आहे. परंतु गुणांवरून माणसांचे कायमचे वर्ग पाडण्याची प्रवृत्ती आपल्याकडे किती अनर्थकारक ठरली हे सांगण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनविषयक निबंधात गुणाधिष्ठित चातुर्वर्ण्याच्या समर्थकांस हेच उत्तर दिले की, माणसांना मोजक्या वर्गांत बसविणे म्हणजे मनुष्याकडे अतिशय वरवर पाहणे होय. माणसांचे असेच वर्ग पाडणाऱ्या प्लेटोलाही प्रत्येक व्यक्तीचे अनन्यत्व उमगले नाही, हा त्यांचा आक्षेप होता. चार वर्णांच्या जागी सोळा प्रकार आले म्हणून तो आक्षेप निकालात निघत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, स्वभावविषयक प्रश्नावली सहकाऱ्यांच्या संवादापुरती वापरावी आणि तिचा कागद ज्याचा त्याच्यापाशीच राहावा. तो दप्तरी दाखल होऊ नये, गोपनीय अहवालातील शेऱ्यात त्याचा उल्लेख नसावा, आणि नेमणूक, बदली वा बढती यांच्या विचारात त्यास स्थान नसावे. मायर्स-ब्रिग्ज चाचणी उमेदवार निवडण्यासाठी वापरू नये, असे तिचे प्रकाशकही बजावून सांगतात. प्रश्नावली भरून घेण्यापूर्वी व्यवस्थापकाने बैठकीचे विषय वेळेवर पोहोचतात काय, कामाची वाटणी स्पष्ट आहे काय, आणि कनिष्ठाने चूक दाखविली असता ती ऐकून घेतली जाते काय, याची चौकशी आधी करावी. माणसांचे स्वभाव बदलणे त्याच्या अखत्यारीत नाही. या तिन्ही गोष्टी मात्र पूर्णपणे आहेत, आणि त्या दुरुस्त झाल्यावरच कोणाचा स्वभाव खरोखर कसा आहे हे बोलण्याचा अधिकार त्याला पोहोचतो.