झाड लावणारा आणि पाणी घालणारा

वृक्षारोपणाला माणसे पुष्कळ जमतात. नारळ फुटतो, हार पडतात, पाटी लागते. पुढे वैशाखात त्या रोपाला पाणी कोणी घालायचे, हे मात्र कोणी विचारीत नाही. संतसज्जनहो, दानधर्माचा विचार करू लागलो की हा लहानसा प्रश्न आम्हांस फार छळतो.

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अंधेरी-बोरिवलीची मंडळी पोरांना जनावरे दाखवायला तिकडे नेतात. पण ती मुळात वनस्पतींची बाग, हे थोड्यांच्याच ध्यानात असते. १८६२ साली ती खुली झाली. शेती व बागाईत यांसाठी स्थापन झालेली एक सोसायटी ती चालवीत असे. आवारातल्या घड्याळाच्या मनोऱ्याला डेव्हिड ससून यांचे नाव आहे, आणि शेजारचे वस्तुसंग्रहालय नाना शंकरशेटांसारख्यांच्या खटपटीने व लोकांच्या वर्गणीने उभे राहिले. परंतु १८७३ साली ती सोसायटी बंद पडली आणि बागेचा भार नगरपालिकेवर आला. मनोरा एकदा बांधला की उभा राहतो. झाडाचे तसे नाही. तेव्हापासून माळ्याचा पगार नगरवासीयांच्या करातून निघतो. त्या करदात्याच्या नावाची पाटी कुठे नाही. कोणी म्हणेल, कर ही सक्ती, त्यात दान कसले? खरे आहे. पण बुवा, झाडाला भाव कळत नाही, पाणी कळते!

मग नाव लावणारे सगळे अहंकारीच काय? असे म्हणायला आमची जीभ धजत नाही. बोरिवलीच्या रानात कान्हेरीची लेणी आहेत. तिथे कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, बायाबापड्यांनीसुद्धा, आपली नावे दगडात कोरविली आहेत. अमक्याने लेणे दिले, तमक्याने पाण्याची टाकी दिली. पण त्यांतले कित्येक तिथे थांबले नाहीत. त्यांनी 'अक्षयनीवी' ठेविली, म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही आणि उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रेप्रावरणे चालवायची. एका लेखात त्यासाठी मंगलस्थान गावचे शेत दिल्याची नोंद आहे. हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. नाव कोरले खरे, पण आपण गेल्यावर काय, याची काळजी आधी वाहिली. अशा नावाला आम्ही हात जोडू.

त्याच रानात आज राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे वाघ, बिबळे, हरणे यांचा वर्षाचा खर्च उचलून त्यांना 'दत्तक' घेता येते. जनावर घरी न्यायचे नाही, फक्त त्याचे पोट भरायचे. वर्ष सरले की पुन्हा कोणीतरी पुढे यावे लागते. दिंडीची भिशी आपण दरसाल भरतो, तसेच हे.

आपल्या संप्रदायात अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. मळ्याला पाणी देणे हीच त्यांची वारी, आणि ती देवाने मानली. म्हणून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. त्या मळ्यात दाता कोण आणि माळी कोण, हे निराळे काढता येत नाही. आपल्याला काढता येते, कारण आपण पैसे देतो आणि निघून जातो.

तेव्हा घाटकोपर-मुलुंडच्या ज्या भजनी मंडळांना बागेत वा वारीच्या वाटेवर झाडे लावावयाची असतील, त्यांनी शंभराऐवजी वीस लावावीत, आणि उरलेला पैसा तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी व पाणी घालणाऱ्याच्या मजुरीसाठी बाजूला ठेवावा. पाटी लावायची असेल तर खुशाल लावा. पण चौथ्या वर्षी लावा.